पोटातल्या नसेला ४.३ सेंटिमीटरचा फुगा: थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्याच्या नौपाड्यात राहता, बाबा ६८ वर्षांचे, शाळेत विज्ञान शिकवायचे. लघवीचा त्रास होता म्हणून प्रोस्टेटची सोनोग्राफी केली आणि रिपोर्टच्या शेवटी दोन ओळी आल्या, की पोटातल्या अओर्टाला, म्हणजे मोठ्या नसेला, ४.३ सेंटिमीटरचा एन्युरिझम म्हणजे फुगा आहे आणि आत थ्रॉम्बस, म्हणजे साकळलेलं रक्त आहे. एक डॉक्टर म्हणाले सहा महिने थांबा, दुसरे म्हणाले स्टेंट टाकून मोकळे व्हा, आणि नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की हा पोटातला बॉम्ब आहे. तेव्हापासून बाबांनी सकाळचं तलावपाळीला चालायला जाणं बंद केलं, जिना उतरत नाहीत, रात्री पोटावर हात ठेवून जागे असतात. तुम्ही विचारताय की ऑपरेशन आत्ता करायचं का थांबायचं, आणि थांबलो तर गणपतीला चिपळूणला न्यायचं का नाही.

मी रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे, ठाणे आणि नवी मुंबई मिळून वीसेक वर्षं हेच काम करतोय, आणि हा आजार असलेली माणसं माझ्याकडे बहुतेक अशीच येतात, तपासणी दुसऱ्याच कशाची तरी चाललेली असते आणि हे सापडतं. बाबांना मी तपासलेलं नाही, सोनोग्राफीचे फोटो बघितले नाहीत, त्यामुळे खाली लिहितोय त्यातलं काही त्यांच्या किडनीवर, हार्टवर, बीपीवर आणि सिगरेट किती वर्षं ओढली ह्यावर बदलू शकतं. पण एवढं आधीच सांगून टाकतो. पोटात किंवा पाठीत दुखत नसेल तर ह्या आकड्यावर मी माझ्या स्वतःच्या वडिलांचं ऑपरेशन आज केलं नसतं. आणि मला वाटतं तुमची खरी अडचण पुढची आहे, की थांबा म्हणाले, पण थांबायचं म्हणजे रोज काय करायचं, काय टाळायचं, आणि कधी धावायचं, हे कुणी बसून सांगितलेलंच नाहीये.

अओर्टा म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी नस. छातीतून खाली उतरते, पोटात मणक्याच्या पुढून जाते आणि बेंबीच्या आसपास दोन फांद्या होऊन दोन पायांकडे जाते. पोटातला तिचा भाग साधारण २ सेंटिमीटर रुंद असतो, जाड अंगठ्याएवढा. ३ झाला की आम्ही त्याला एन्युरिझम म्हणतो. किडनीच्या नसा जिथे सुटतात त्याच्या खालच्या तुकड्यात हे जास्त करून होतं, कारण तिथल्या भिंतीत इलास्टिन मुळातच कमी असतं. इलास्टिन म्हणजे ताणलं की परत जागेवर येणारं द्रव्य, ते मोठ्या वयात एकदा झिजलं की शरीर पुन्हा नीट तयार करत नाही, मग वय, बीपी, सिगरेटचा धूर, घराण्यातला कल ह्या सगळ्यांनी मिळून ती भिंत सैल पडत जाते. जुन्या सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगा यायचा ना, तसंच. आणि ट्यूबसारखंच, आतला दाब तेवढाच असला तरी फुगा जेवढा मोठा तेवढा भिंतीवर ताण जास्त. बाबांना लाप्लासचा नियम म्हणून सांगा, दाब आणि त्रिज्या वाढली की ताण वाढतो, त्यांना एका मिनिटात कळेल की ह्या आजारात सगळं त्या सेंटिमीटरच्या आकड्यावर का चालतं.

थ्रॉम्बस शब्दाला घाबरू नका. फुगलेल्या जागेत कडेचं रक्त संथ फिरतं आणि तिथे थर साचत जातात, बऱ्याच एन्युरिझममध्ये हे दिसतंच. तो वितळवायला वेगळं औषध लागत नाही. क्वचित त्यातला बारीक तुकडा सुटून खाली पायात जातो, म्हणून पायाची बोटं अचानक निळी-काळी पडून दुखायला लागली तर तेवढं मात्र त्याच दिवशी दाखवा.

आता आकडा. पुरुषांमध्ये साधारण ५.५ सेंटिमीटरला ऑपरेशनचा विचार करतात, बायकांमध्ये ५ ला, कारण बायकांची नस मुळात बारीक असते आणि त्यांच्यात तो कमी मापावर फुटतो. हा ५.५ चा आकडा कुणाच्या मनातून आलेला नाही. ब्रिटनमध्ये ४ ते ५.५ मधल्या १०९० पेशंटचे दोन गट केले, एकाचं लगेच ऑपरेशन, दुसऱ्याची नुसती नियमित सोनोग्राफी, आणि १९९८ साली निकाल आला की लगेच ऑपरेशन करून माणसं जास्त जगली नाहीत. २००२ साली अमेरिकेतल्या अशाच अभ्यासातही तेच निघालं. ह्या गटात नियमित तपासणीवर असलेल्यांमध्ये फुटण्याचं प्रमाण वर्षाला १ टक्क्याच्या आसपास किंवा कमी होतं, आणि पोट उघडून करायच्या ऑपरेशनचा स्वतःचा धोका त्याहून जास्त होता. पुढे जांघेतून टाकायचे स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे नसेच्या आत बसवायच्या नळ्या आल्या तेव्हा लोकांना वाटलं आता तरी लवकर करावं, त्याचेही अभ्यास झाले, लहान फुग्याला लवकर स्टेंट टाकून फायदा दिसला नाही. त्यामुळे पहिले डॉक्टर जे म्हणाले त्याला भक्कम आधार आहे.

दुसरे डॉक्टर चुकलेच असंही मी म्हणणार नाही, त्यांच्यासमोर काय होतं मला माहीत नाही. फुग्यामुळेच दुखत असेल, सहा महिन्यांत अर्धा सेंटिमीटर किंवा वर्षात एक सेंटिमीटर वाढला असेल, फुगा गोल सरळ नसून एका बाजूला पिशवीसारखा बाहेर आला असेल, तर आकडा लहान असला तरी आम्ही लवकर हात घालतो. त्यांना सरळ जाऊन विचारा, ह्यातलं कोणतं कारण आहे. कारण सांगितलं तर ऐका, नुसतं "कशाला रिस्क" एवढंच उत्तर आलं तर अजून एका रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवा.

साधा हिशेब मांडू. ह्या मापाचा फुगा सरासरी वर्षाला २-३ मिलिमीटर वाढतो. ४.३ वरून ५.५ ला जायला १२ मिलिमीटर, म्हणजे चार ते सहा वर्षं. काहींचा वर्षानुवर्षं हलतच नाही, काहींचा मध्येच वेग घेतो, आणि कोण कुठल्या गटात हे पहिल्या सोनोग्राफीत कळत नाही, दुसरी झाल्यावर अंदाज यायला लागतो. म्हणून बाबांच्या बाबतीत मी पहिली तपासणी सहा महिन्यांनी करीन, कारण मागचं कुठलंच माप हातात नाहीये, आणि ती शांत आली तर वर्षाला एकदा. ४.५ च्या पुढे अंतर कमी करतात, ५ च्या पुढे तीन ते सहा महिन्यांवर आणतात.

तपासणी कुठे आणि कशी, ह्याकडे लोक लक्ष देत नाहीत आणि मग विनाकारण घाबरतात. वाशीच्या एका पेशंटचं सोनोग्राफीवर ४.४ होतं, दोन महिन्यांनी दुसऱ्या सेंटरला सीटी केला, ४.८ आलं, आख्खं कुटुंब रात्री साडेनऊला माझ्या दारात. वाढलेलं काहीच नव्हतं. सीटीवर माप काही मिलिमीटर जास्त येतंच, आणि नस वाकडी असेल आणि तिरकं कापून मोजलं तर अजून जास्त येतं. म्हणून शक्यतो तेच सेंटर, तेच मशीन, जमलं तर तेच डॉक्टर, सकाळी उपाशीपोटी म्हणजे गॅस आड येत नाही, आणि जाताना जुना रिपोर्ट सोबत, डॉक्टरांना म्हणा की मागच्या वेळी मोजलं त्याच जागी तसंच मोजा. दरवेळी सीटी करू नका, त्यासाठी नसेतून देतात ते काँट्रास्ट औषध किडनीला त्रास देऊ शकतं, सीटी ऑपरेशनचं ठरायची वेळ येईल तेव्हा लागेल.

एक पेशंट मला आजही आठवतो. तुर्भ्याला मार्केटमध्ये माथाडी काम करून रिटायर झालेला माणूस, आयुष्यभर विडी. ४.६ सेंटिमीटर होतं. मी बघून म्हणालो, आत्ता काळजीचं कारण नाही, सहा महिन्यांनी या. घरच्यांनी ऐकलं "काळजीचं कारण नाही". चार वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा ते दुसरीकडे ॲडमिट होते, पाठीत आणि कुशीत दुखतंय म्हणून आदल्या रात्री एका नर्सिंग होममध्ये मुतखडा समजून पेनकिलर दिलं होतं, आणि सकाळी बीपी खाली गेलं. वाचले नाहीत. तेव्हापासून मी पुढची तारीख फाईलच्या वर लाल पेनाने लिहितो आणि मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाईलमध्ये माझ्यासमोर रिमाइंडर लावून घेतो. तुम्हीही हे वाचता वाचताच लावा, महिना आणि तारीख दोन्ही.

आता रोजचं. बाबा सिगरेट ओढत असतील तर ती आजच बंद, बाकी सगळं त्याच्यानंतर. ओढणाऱ्यांचा फुगा लवकर वाढतो आणि फुटायचा धोका साधारण दुपटीवर जातो. आकडा लहान करणारं किंवा वाढ थांबवणारं औषध अजून सिद्ध झालेलं नाहीये, बरीच वापरून बघितली, जमलं नाही, त्यामुळे कुणी नस आकुंचन करणारा काढा विकत असेल तर पैसे घालवू नका. वरचं बीपी १३० च्या आत ठेवायचं, घरी मशीन आणून आठवड्यातून दोन-तीनदा मोजून वहीत लिहायचं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, आणि हार्टच्या डॉक्टरांना योग्य वाटलं तर ॲस्पिरिन, ह्या बऱ्याच जणांना लागतात, कारण ह्या पेशंटना त्या फुग्यापेक्षा हार्ट अटॅकचाच धोका जास्त असतो. एकदा कार्डिओलॉजिस्टना दाखवून घ्या.

बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम ठळकपणे सांगतो. लघवीच्या इन्फेक्शनला आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ह्या गोळ्या सर्रास देतात, मेडिकलवाला चिठ्ठीशिवायसुद्धा देतो. ह्या जातीच्या अँटिबायोटिकने अओर्टाची भिंत अजून कमजोर होऊ शकते, म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने सांगितलं की एन्युरिझम असलेल्यांना दुसरा पर्याय असेल तर ह्या देऊ नका. युरॉलॉजिस्टना आधीच कळवून ठेवा, ते दुसरं औषध देतील. आणि लघवीला जोर लावावा लागतो, शौचाला कुंथावं लागतं, ह्याचा इलाज नीट करून घ्या, प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर ती बंद करू नका.

चालणं बंद करणं ही चूक आहे. उद्यापासून तलावपाळीला पाठवा, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने अर्धा-पाऊण तास, जिना चढू-उतरू देत. ह्याने फुगा फुटत नाही. टाळायचं ते श्वास रोखून जोर लावणं, म्हणजे भरलेला गॅस सिलेंडर उचलणं (तो तीसेक किलोचा असतो), कपाट सरकवणं, जोरात कपालभाती. अनुलोम-विलोम, साधी आसनं करू देत.

आणि पोट चोळायचं नाही. दिव्याहून एक सत्तरीचे बारीक अंगाचे गृहस्थ आले होते, म्हणाले, डॉक्टर, पोटात उडतंय. दोन महिने घरचे बेंबी सरकली म्हणून तेल लावून दाबत होते, बेंबीवर पणती ठेवून वर तांब्या पालथा घालून झाला होता. मी दोन्ही हातांची बोटं बेंबीच्या वर दोन बाजूंना ठेवली. साधी नस असेल तर ठोका बोटांना नुसता वर उचलतो, बारीक माणसात तो असा लागतोच आणि त्यात काही वावगं नसतं. ह्यांच्या प्रत्येक ठोक्याला माझे दोन हात एकमेकांपासून लांब सरकत होते. सोनोग्राफीत ६.८ निघालं, त्याच आठवड्यात ऑपरेशन केलं, ठणठणीत आहेत. बाबा रात्री पोटावर हात ठेवून ठोके मोजतात त्यातून त्यांना काही कळणार नाही, आकडा फक्त मशीनला कळतो, हे त्यांना प्रेमाने सांगा.

धावायचं कधी, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. पोटात, पाठीत किंवा कुशीत अचानक जोरात दुखायला लागलं, घाम फुटला, चक्कर आली, तर ॲसिडिटी समजून घरी थांबायचं नाही, पेनकिलर घेऊन सकाळची वाट बघायची नाही. फुटल्यावर दहातले जवळपास आठ जण जात असतात, आणि जे वाचतात ते वेळेत टेबलावर पोचलेले असतात. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा, आणि जिथे चोवीस तास सीटी आहे, रक्तपेढी आहे आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन येतो तिथेच न्या. असं हॉस्पिटल घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये फोन फिरवत शोधायचं नसतं, ह्या रविवारी शांतपणे दोन ठिकाणी चौकशी करून नंबर लिहून ठेवा. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच, "ह्यांच्या पोटातल्या अओर्टाला एन्युरिझम आहे." आमच्या तुर्भ्याच्या त्या माणसाच्या वेळी हे वाक्य कुणी बोललं नाही. साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा मुतखड्यासारखं दुखलं तर आधी अओर्टा बघायची, हे तिथल्या ड्युटीवरच्या मुलाला आठवेलच असं नाही, तुम्ही सांगितलं तर आठवेल.

पुढे कधी वेळ आलीच तर दोन रस्ते आहेत. एक पोट उघडून फुगलेल्या जागी कापडी नळी शिवणं, दुसरा जांघेतून तार घालून आतून स्टेंट ग्राफ्ट बसवणं. आतून केलं तर ऑपरेशनच्या काळातला धोका १-२ टक्के, माणूस दोन-चार दिवसांत घरी, उघडं केलं तर ४-५ टक्क्यांच्या आसपास आणि सावरायला दीड-दोन महिने. पण काही वर्षांनी दोन्हीकडची जगण्याची आकडेवारी सारखी होते, स्टेंटच्या कडेने फुग्यात रक्त झिरपू शकतं, त्यासाठी आयुष्यभर तपासणी आणि कधी परत छोटं ऑपरेशन लागतं. शिवाय स्टेंट सगळ्यांना बसत नाही, किडनीच्या नसांच्या खाली पकड घ्यायला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर चांगली नस लागते. खर्च काही लाखांत जातो, त्यातला मोठा भाग ग्राफ्टचाच. ते आज ठरवायचं नाहीये. मेडिक्लेममध्ये काय बसतं ते मात्र आत्ताच बघा, आणि नसेल तर परळच्या केईएमसारख्या मोठ्या सरकारी-पालिकेच्या हॉस्पिटलात दाखवून ठेवा, महात्मा फुले योजनेतलं काय लागू होतं ते योजनेच्या हॉस्पिटलमधले आरोग्यमित्र सांगतात.

बाबांना अजून एक सांगा. आइनस्टाईनना हाच आजार होता. १९४८ साली नस बदलायची सोय नव्हती, सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं, त्यावर ते एप्रिल १९५५ पर्यंत जगले, शेवटी तो फुटला. तो तुकडा काढून दुसरी नस बसवायचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९५१ मध्ये पॅरिसला झालं, जांघेतून ग्राफ्ट टाकणं १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला सुरू झालं. बाबांच्या हातात हे सगळं आहे, आणि आकडा लहान असताना कळलंय. ब्रिटनमध्ये ६५ व्या वर्षी पुरुषांना बोलावून ही सोनोग्राफी करतात, आपल्याकडे तशी पद्धत नाही, बाबांना ती प्रोस्टेटच्या निमित्ताने मिळाली.

घरातल्या बाकीच्यांचं. चिपळूणचे काका, तुम्ही लिहिलंय ६४ चे आहेत आणि सिगरेट ओढतात, त्यांची पोटाची सोनोग्राफी ह्या महिन्यात करा, सख्ख्या भावाला धोका जास्त असतो. तुम्ही चाळिशीत आहात, तुम्हाला आत्ता काही करायची गरज नाही, पन्नाशीनंतर एकदा करा. बाबांच्या गुडघ्यांच्या मागे पण सोनोग्राफीच्या प्रोबने एकदा बघून घ्या, ह्या पेशंटमध्ये दहातल्या एखाद्याला तिथेही फुगा असतो आणि तो बंद पडला तर पाय धोक्यात येतो.

गणपतीला खुशाल न्या. गाडी, ट्रेन, विमान, ह्या आकड्यावर कशालाच मनाई नाही. रिपोर्टचा फोटो तुमच्या आणि आईच्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू दे, बीपीच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या, आणि ठाणे स्टेशनवर बॅगा बाबांच्या हातात देऊ नका. आरतीला उभं राहणं, टाळ वाजवणं, अंगणात नातवंडांबरोबर फिरणं, सगळं करू देत.